माणूस हवा असल्यास

आमच्या खोलीत तिला सगळे भोंगा म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. कानावर हेडफोन चढवला की ही बाई मधात बुडवून काढल्यासारखी बोलायची. हेडफोन उतरवला की खाली कपडे धुण्याच्या खात्यातले लोक माना वर करून बघायचे. "मावशी, चहा सांगू का?" एवढं विचारलं तरी मला वाटायचं, कुठे आग लागली की काय.

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसायचे. सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, चादरींच्या कोठाराच्या वर, आरोग्य हेल्पलाइनची खोली. फिनाइलचा आणि ओल्या कापडाचा वास, भिंतीवर टिकटिक करणारा पंखा, आणि एक लोखंडी कपाट, ज्यात कामावर आल्या आल्या आपापले फोन कुलपात ठेवावे लागत. कामाच्या वेळी घरचं काही नको, असा नियम. लोक विचारायचे, पोराला ताप आहे, काय करू? गोळी दोनदा घेतली गेली, आता? छातीत दुखतंय, गाडी पाठवता का? आम्ही प्रश्न विचारायचो, समोरच्या पडद्यावर बघायचो, डॉक्टरांना जोडून द्यायचो नाहीतर गाडी पाठवायचो. काम म्हटलं तर एवढंच. पण लोक फोन लागल्यावर आधी विचारायचे, "त्या ताई आहेत का हो?" आम्ही बाकीच्या म्हणजे जणू वाटेतले दगड. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

तिची एक रीत होती. "घाबरू नका" असं ती कधीच म्हणायची नाही. म्हणायची, "मी फोन ठेवत नाहीये. तुम्ही आधी पुढचं दार उघडून या." माणूस दार उघडून यायचा तोवर त्याचा निम्मा घाबरा जीव जागेवर आलेला असायचा. मग, "आता आजींच्या पायाखाली उशी द्या. दिली? छान." असं एकेक काम हातात देत ती माणसाला गाडी येईपर्यंत घेऊन जायची. हेडफोन उतरवला की माझ्याकडे वळून ओरडायची, "मावशी, पोहोचले बघा!" आणि पंख्यासकट आम्ही सगळ्या दचकायचो.

तिची आई शेजारच्या गावात एकटी राहायची. शिवणकाम करून एकटीने वाढवलेली ही एकुलती एक लेक. इकडे तिच्या दोन खोल्यांत सासरे अंथरुणाला खिळलेले, नवरा दिवसभर गाडीवर. आईला एकदा आणून ठेवलं होतं, पण म्हातारी आठवड्यातच परत गेली. "जावयाच्या घरात माझी मशीन ठेवायला जागा नाही," म्हणाली. खरं तर मशीन कधीच बंद पडलेली. पण मान ताठ होती.

आईला लेकीशी बोलायचं असलं की ती आमच्या हेल्पलाइनवर फोन करायची. लेकीचा फोन कपाटात असायचा, पण हेल्पलाइनचा नंबर तिला तोंडपाठ होता. आमच्यापैकी जिला लागायचा ती हाक मारायची, "भोंग्या, तुझी आई!" ती इकडेतिकडे बघून फोन आपल्याकडे घ्यायची आणि कुजबुजायची, "आई, जेवलीस? गोळी घेतलीस? बरं, ठेव आता." नियमात बसत नव्हतं. पण कुठल्या नियमाला आई असते?

मग यंत्र आलं. आलं म्हणजे दिसलं कुणालाच नाही. तारा ओढणारे आले, भिंतीला भोकं पाडून गेले, आणि एका सोमवारपासून फोन आमच्याकडे यायच्या आधी यंत्र उचलायला लागलं. ते आमच्यासारखंच सगळं विचारायचं, सगळं सांगायचं, गाडी पाठवायचं. सरळ सांगते, यंत्र मूर्ख नव्हतं. माझ्यापेक्षा त्याच्या चुका कमी होत्या आणि ते कुणावर खेकसत नव्हतं. पण त्याचा आवाज कुठल्यातरी अनोळखी बाईचा, इस्त्री केलेला. लोक "हॅलो" ऐकायचे आणि फोन आपटायचे.

कंपनी आणि आरोग्य खातं, दोघांचेही धाबे दणाणले. एवढा खर्च केलेला आणि लोक विश्वास ठेवेनात! मग दोघांनी मिळून विश्वासाची मोहीम काढली. कंपनीने त्यासाठी एक खास बाई नेमली. लोकांचा विश्वास मिळवणं एवढंच तिचं काम. आम्ही तिला विश्वासबाई म्हणायला लागलो. तरुण होती, बारीक होती, मान तिरकी करून ऐकायची आणि कुणाचंही बोलणं मध्ये तोडायची नाही. मला ती आवडायची नाही, पण तिच्यात खोट नव्हती. तिने दवाखान्याबाहेर मोठा फलक लावला. यंत्राने दिलेली किती उत्तरं बरोबर, किती चूक, हे दर आठवड्याला सगळ्यांना दिसेल असं. कुणाच्या नंबरवरून माणूस ओळखायचा नाही, कुणावर पाळत ठेवायची नाही, असं वचन कंपनीने आणि खात्याने सहीनिशी दिलं. आणि सगळ्यात मोठं वचन म्हणजे, "माणूस हवा" एवढे दोन शब्द म्हटले की यंत्राने बाजूला व्हायचं आणि आमच्या टेबलावरचा हिरवा दिवा लागायचा.

तरी लोक फोन आपटतच होते. शेवटी अंगणात सभा भरवली. खात्याचे साहेब बोलले, विश्वासबाई बोलली. एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "तुमचं सगळं खरं असेल. पण आमच्या त्या ताई बोलल्या तर आमचा विश्वास बसेल. त्यांनी माझ्या बायकोला वाचवलंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. भोंगा माझ्या शेजारी उभी होती, कानापर्यंत लाल झाली. साहेबांनी विश्वासबाईकडे बघितलं, विश्वासबाईने साहेबांकडे. तेवढ्यात काय ठरायचं ते ठरलं.

तिचा आवाज घेतला. भिंतींना गाद्या लावलेल्या एका खोलीत बसवून तिच्याकडून कितीतरी वाक्यं म्हणवून घेतली. ती हरखून गेली होती. "मावशी, मी मेले तरी बोलत राहीन!" असं जिन्यात ओरडली. मी म्हटलं, "आत्ता गप्प बसलीस तरी पुरे."

आणि चमत्कार झाला म्हणतात तसं झालं. लोक यंत्राशी बोलायला लागले. मन मोकळं करून बोलायला लागले. आमच्यातल्या बाकीच्या जणींना दुसऱ्या खात्यांत पाठवलं, खुर्च्या उचलून नेल्या. दिवसपाळीला राहिलो आम्ही दोघी, हिरव्या दिव्याकडे बघत. तो क्वचित लागायचा. फलकावर लिहिलं गेलं, माणूस मागणारे कमी झाले, म्हणजेच विश्वास वाढला. मला तेव्हाही ते गणित पटलं नव्हतं. ज्याला वाटतं आपण माणसाशीच बोलतोय, तो माणूस कशाला मागेल?

रिकाम्या वेळात आम्हाला तपासणीचं काम दिलेलं होतं. रोज यंत्राची थोडी संभाषणं कुठलाही नंबर न दाखवता आमच्याकडे यायची. ती ऐकायची आणि उत्तर योग्य की अयोग्य त्याची खूण करायची. त्यावरूनच तो फलक भरायचा.

एका दुपारी ऐकता ऐकता ती ताठ झाली. मी विचारलं, काय गं? तिने हेडफोनचा एक कान माझ्याकडे केला.

"काय गं, जेवलीस का?" हा आवाज तिच्या आईचा.

"मी आपल्याला आरोग्याबद्दल मदत करू शकते. आपल्याला काय त्रास होतोय?" हा आवाज तिचा.

"गुडघा. तुला ठाऊकच आहे की. आणि हल्ली तू मला अहो-जाहो का करतेस गं? साहेब बसलेत वाटतं शेजारी?"

"गुडघेदुखी कधीपासून आहे?"

"बरं बरं, तू तुझं काम कर. मी आपली बोलते. काल गॅस चालूच राहिला बघ. शेजारीण धावत आली. मला आठवेचना, भांडं कधी ठेवलं ते."

यंत्राने जे सांगायला हवं तेच सांगितलं. गॅस बंद आहे का बघा, खिडक्या उघडा, विसरायला होतंय म्हणता तर घरच्या कुणालातरी हे जरूर कळवा आणि डॉक्टरांना दाखवा.

"मग कळवतेय की," आई म्हणाली. "तुलाच तर कळवतेय. शेजारणीलाही म्हटलं, लेकीला सांगितलंय मी, ती बघेल."

पडद्यावर चौकट उघडली. उत्तर योग्य की अयोग्य? ती बघत राहिली. उत्तर योग्य होतं, दुसरं काय लिहिणार? तिने योग्यवर खूण केली आणि तोंडावर दोन्ही हात धरले. आईचं डोकं साथ देत नाहीये हे तिला त्या दिवशी कळलं. आई ते रोज लेकीला सांगत होती, आणि लेकीला पत्ता नव्हता.

संध्याकाळी कपाटातून फोन काढून तिने जिन्यातच आईला लावला. "आई, दिवसा तुझ्याशी बोलते ना, ती मी नाही. ते यंत्र आहे. माझा आवाज लावलाय त्याला."

पलीकडे म्हातारी हसली असावी. मग काहीतरी बोलली. हिचा चेहरा पडला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, दिवसाची तू बरी असतेस. सगळं ऐकून घेतेस. संध्याकाळची तू नुसती चिडतेस."

रविवारी ती गावाला जाऊन आली. आईसमोर बसून हेल्पलाइन लावली, फोनवर यंत्र बोलत असताना आपणही बोलून दाखवलं. आई म्हणाली, "एका वेळी दोन ठिकाणी बोलतेस? हुशार झालीस हो." शेजारणीला तिने हात जोडले. सांगितलं, आई काहीही म्हणो, मला माझ्या नंबरवर कळवत जा. शेजारीण हो म्हणाली. पण शेजारीण पडली कामाची बाई, तिची स्वतःची चूलमूल तिला सुटत नव्हती. आणि म्हातारी रोज छातीठोकपणे सांगणार, लेकीला सांगून झालंय!

त्यानंतरचे तिचे दिवस मी बघितलेत. ती साहेबांकडे गेली. म्हणाली, माझ्या आईचा नंबर तेवढा यंत्राला देऊ नका, थेट आमच्या दिव्यावर पाठवा. साहेब वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "अहो, नंबरवरून माणूस ओळखणार नाही, असं आपण लोकांना लिहून दिलंय. तुमच्या आईसाठी मोडलं तर उद्या कुणासाठीही मोडेल." ती विश्वासबाईकडे गेली. तीही तेच म्हणाली, फक्त मान तिरकी करून. मग ही म्हणाली, माझा आवाज तरी काढा. विश्वासबाईने कागद दाखवला. आवाज दिलेला होता आणि परत घ्यायची सोय त्यात नव्हती. आणि आवाज काढला तर लोक पुन्हा फोन आपटतील, छातीत दुखणारा माणूसही आपटेल, तो मेला तर? तिने कागद परत दिला आणि बाहेर आली.

"धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, मावशी," ती मला म्हणाली. तो आवाज भोंग्याचा नव्हता. माझ्याशी हळू बोलताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

रोज कामावर आली की ती तपासणीची संभाषणं भुकेल्यासारखी ऐकायची, त्यात आई सापडते का म्हणून. कधी सापडायची, बहुतेक वेळा नाही. सापडली की कळायचं, आई जिन्यात घसरली होती. आईने रात्रीची गोळी सकाळी घेतली होती. आईला कधीच वारलेले वडील दारात उभे दिसले होते. सगळं लेकीला सांगून झालेलं. सगळी उत्तरं योग्य. ती खूण करायची आणि संध्याकाळी फोन लावायची तोवर आई विसरलेली असायची. आमच्या खोलीत बसून एखादीची आई अशी थोडीथोडी हातातून निसटताना बघणं म्हणजे काय, ते मी कुणाला कसं सांगू? वैऱ्यावरही येऊ नये.

सुट्टी मागितली तर दोघींतली एक जागची हलली की "माणूस हवा"चं वचन मोडतं, म्हणून सुट्टी नाही. सासऱ्यांना सोडून आईकडे राहायला जावं तर इकडे कोण? नवरा म्हणाला, आईंना इकडे आण. तिने पुन्हा आणायचा प्रयत्न केला. म्हातारी दाराच्या चौकटीला धरून बसली.

मग तिने वेगळी मागणी धरली. यंत्राने फोन उचलल्याबरोबर आधी सांगायलाच हवं, की मी यंत्र आहे. प्रत्येकाला. त्यात नंबर ओळखायला नको, वचन मोडायला नको. ती साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसून राहायची. डब्याची सुट्टी तिने त्या बाकावर काढली, दिवसच्या दिवस. कंपनी आधी नको म्हणाली. पाहणी केली होती म्हणे, यंत्र आहे असं सांगितलं की विश्वास घटतो. पण विश्वासबाईनेच शेवटी तिची बाजू घेतली. "लोकांना फसवून मिळवला तो विश्वासच नव्हे," असं भर बैठकीत आपल्याच वरिष्ठांना म्हणाली. त्या दिवशी मला ती बाई आवडली. समिती बसली आणि नियम झाला. सरकारी फोनवर यंत्र बोलत असेल तर त्याने पहिल्या वाक्यात तसं सांगायचं.

आता प्रश्न आला की ते वाक्य कुणाच्या आवाजात. विश्वासबाई म्हणाली, दुसरा आवाज घेऊ, म्हणजे फरक पटकन कळेल.

आणि ही म्हणाली, नको.

"दुसऱ्या कुणी सांगितलं तर आई ऐकणारच नाही. फोन कानापासून लांब धरून बसेल. पहिल्यापासून तसंच करते. माझी आई जगात फक्त माझं ऐकते. मीच सांगते तिला."

विश्वासबाईने दोनदा विचारलं, नक्की ना? ही नक्की म्हणाली. मीही तिथे होते. मलाही तेच बरोबर वाटलं. आईला लेकीनेच सांगावं, यात चूक काय दिसणार कुणाला?

काम संपल्यावर गाद्यांच्या खोलीत मी तिच्याबरोबर गेले. काचेपलीकडचा पोरगेला इंजिनियर म्हणाला, सुरू करा. ती म्हणाली, "नमस्कार. मी माणूस नाही. मी यंत्र आहे. माणूस हवा असल्यास तसं म्हणा." इंजिनियर म्हणाला, थोडं हळवं होतंय, परत घेऊ. परत घेतलं. परत हळवं झालं. ती आईशी बोलत होती, दुसऱ्या कुणाशीच नाही, मग कसं सपाट येणार? शेवटी त्याने तेच ठेवलं. म्हणाला, "राहू दे, खरं वाटतंय."

नियम लागू झाला त्या दिवशी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या आणि दिव्यासमोर तेवढ्यापुरत्या दुसऱ्या खात्यातल्या दोघी बसवल्या होत्या. साहेब म्हणाले, आज सरकार, कंपनी आणि लोक एकमेकांशी खरं बोलायला लागले. ती पहिल्या रांगेत बसली होती. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जीव दिसला. परत येताना जिन्यात मला ओरडून म्हणाली, "मावशी, आज संध्याकाळी आई मला शिव्या घालेल बघा! म्हणेल, यंत्राशी बोलायला लावलंस!" खालच्या लोकांनी माना वर केल्या. भोंगा परत आला होता.

संध्याकाळी तिने फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग शेजारणीला लावला.

शेजारीण म्हणाली, "अगं, त्या तर सकाळीच निघाल्या तुझ्याकडे. भेटल्या नाहीत?"

सकाळी म्हातारीने नेहमीसारखा फोन लावला होता. ऐकलं आणि फोन हातात घेऊन बाहेर आली ती रडतच. शेजारणीला म्हणाली, "माझी लेक म्हणतेय, मी माणूस नाही, यंत्र आहे. किती पिचलीय गं माझी पोर. कामाला जुंपून जुंपून काय केलं तिचं! असं कुणी म्हणतं का स्वतःला?" पायात घरातल्या सपाता, अंगावर स्वेटर उलटा. शेजारीण म्हणाली, मी येते बरोबर. म्हातारी म्हणाली, "कशाला? तिला सांगितलंय मी निघालेय म्हणून. ती स्टँडवर येईल न्यायला."

नंतर आम्ही त्या सकाळची संभाषणं चाळून ते काढून ऐकलं. खरंच सांगितलं होतं तिने. "तू काही करून घेऊ नकोस जिवाचं. मी निघालेच बघ. स्टँडवर ये." यंत्र म्हणालं होतं, आपल्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येत असेल तर मी आपल्याला लगेच माणसाशी जोडून देते, हवा आहे का? आणि आई म्हणाली होती, "मला दुसरं कुणी नको. तू थांब फक्त." हिरवा दिवा लागला नाही. लेक त्याच्यासमोर जाऊन बसणार होती, अंगणातली भाषणं आटोपल्यावर.

आम्ही स्टँडवर गेलो. ती हाका मारायला लागली. स्टँड, त्यामागचा बाजार, नाल्यावरचा पूल, शाळेची गल्ली, पुन्हा स्टँड. "आई!" असं ती ओरडत होती आणि लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. तिचा तो आवाज, ज्याची आम्ही आयुष्यभर थट्टा केली, तो सगळा तिने त्या गल्ल्यांमध्ये ओतला. पोलीस आले, नवरा आला, विश्वासबाई आली, चपला हातात घेऊन धावत होती बिचारी. अंधार पडला तरी ती थांबेना. मी म्हटलं, अगं, घसा फाटेल. ती म्हणाली, "ती माझ्या आवाजाला येईल, मावशी. माझ्या आवाजालाच येते ती." हे म्हणतानाच तिचा आवाज चिरकला, आणि त्यानंतर घशातून नुसती हवा यायला लागली.

उजाडताना झाडणाऱ्या बाईला म्हातारी सापडली. एसटी दुरुस्त करतात त्या शेडच्या मागे, कोरड्या गटारात पडलेली. कंबरेचं हाड मोडलेलं, अंग गारठलेलं. फोन मुठीत घट्ट होता, पण बंद पडलेला.

आमच्याच दवाखान्यात आणलं. आमच्या खोलीखालच्या कोठाराला लागून, बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातली खाट. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, छातीत सर्दी भरलीय, वय झालंय, फार आशा धरू नका, जवळ बसा. ती जवळ बसली. आईचा हात हातात घेतला.

आईने डोळे उघडले. "माझी लेक कुठाय?"

"आई, मी," ती म्हणाली. म्हणजे तिचे ओठ म्हणाले. घशातून खरखर आली, दुसरं काही नाही.

म्हातारीने बराच वेळ तिच्याकडे बघितलं. चेहरा तिला हल्ली कुणाचाच ओळखू येत नव्हता, ओळखू यायचा तो आवाज. तिने आपला हात सोडवून घेतला. अनोळखी बाईचा हात सोडवावा तसा, सभ्यपणे. "बाई, तेवढं माझ्या लेकीला बोलवा हो. ती इथेच कामाला आहे. तिला काहीतरी झालंय."

ती पुन्हा म्हणाली. पुन्हा खरखर. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आजी, हीच तुमची लेक." म्हातारी म्हणाली, "माझ्या लेकीचा आवाज मला कळत नाही होय?" आणि मग ती लहान पोरासारखी रडायला लागली, हुंदके देत, त्या मोडक्या कंबरेने. प्रत्येक हुंदक्याला कळ येत होती. लेकीला ते बघवेना. मलाही बघवेना. वॉर्डातल्या बायका तोंड फिरवून बसल्या.

तेव्हा तिने आपला फोन काढला. नंबर लावला आणि आईच्या कानाशी धरला. आवाज मोठा केला होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"नमस्कार. मी माणूस नाही. मी यंत्र आहे. माणूस हवा असल्यास तसं म्हणा."

म्हातारीचे हुंदके थांबले. तिने फोनवरून हात फिरवला, गालावरून फिरवावा तसा. "असं म्हणू नये बाळा," ती म्हणाली. "मी आलेय ना आता."

"आपल्याला काय त्रास होतोय?"

"काही नाही गं. थोडं दुखतंय. तू बोल."

लेक खाली वाकली. आईच्या कानाशी, फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन तिने सगळा जीव एकवटून म्हटलं, "आई, मी इथे आहे." तिच्या मानेच्या शिरा फुगलेल्या मला दिसल्या.

"माफ करा," तिच्याच आवाजात फोन म्हणाला, "आपला आवाज नीट ऐकू आला नाही. पुन्हा बोलाल का?"

म्हातारीने डोळे वर करून लेकीकडे बघितलं. जरा वैतागली होती.

"अहो बाई, जरा गप्प बसता का?" ती म्हणाली. "माझी लेक बोलतेय."

ती गप्प बसली. फोन तेवढा तिने शेवटपर्यंत आईच्या कानाशी धरून ठेवला.